अंगावरची माती

सलवा गावात धुळीपुढे कुणाचं चालत नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहून घ्यावं. तरी मुबीनच्या टेबलावर त्याच्या आईने, जमिलाने, तीन वर्षांत धूळ बसू दिली नव्हती. त्याची मैत्रीण पूर्वी भेटायला आली तेव्हाही जमिलाच्या हातात फडकंच होतं.

पूर्वी आणि मुबीन कॅनडात एकत्र शिकायचे, तळ्यांच्या तळाचा गाळ तपासायचे. तीन वर्षांपूर्वी त्याच कामावर होडी उलटली. पूर्वीला लोकांनी बाहेर काढलं, मुबीनचा देहही सापडला नाही.

"मट्टी दिली नाय तवर माझा पोर मयत नाय," एवढंच जमिला म्हणायची. मयत समोर नसतानाही पढतात ती नमाज पढवून घेऊ, असं नवऱ्याने, झहूरने, म्हटलं की ती दार लावून घ्यायची. बिचाऱ्याने पुढे विषयच सोडला.

पूर्वीने पिशवीतून एक पारदर्शक नळी काढली. आत सुकलेला गाळ होता. एक पट्टा फिका, एक काळा, असा खालून वरपर्यंत.

"आंटी, हे त्याच जागेचं आहे. ती तळी बर्फाने खोदलेली, तेव्हापासून हळूहळू भरतायत. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी गाळ आणतं, तो फिका. हिवाळ्यात वर बर्फ धरला की पाणी अगदी शांत होतं, मग सगळ्यात बारीक माती खाली बसते, ती काळी. दोन पट्टे म्हणजे एक वर्ष." तिने नळी जमिलापुढे धरली. "त्याचं काहीच तुमच्याकडे नाही, म्हणून आणलं."

जमिलाने नळी खिडकीशी धरली.

"वरची तीन वर्सं मंजे त्याच्या नंतरची?"

"हो."

"कोण टाकतं ही मट्टी?"

"कुणी नाही, आंटी. आपोआप बसते. दर वर्षी."

कबरीत उतरवलेल्या माणसाला प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. जमिला इथे टेबल पुसत बसली होती, आणि तिकडे तिच्या लेकाला एकेक मूठ मिळत होती. तिला न विचारता.

"अवो," तिने हाक मारली. झहूर दारात येऊन उभा राहिला. "जुम्म्याला नमाज पढवून घ्या त्याची."

झहूर भिंतीला धरून खाली बसला.

आता आंटी नळी टेबलावर ठेवतील, असं पूर्वीला वाटलं. तिने मुबीनची पुस्तकं सरकवून जागाही केली. पण जमिलाने डोक्यावरची पांढरी ओढणी काढली, नळी तिच्यात नीट गुंडाळली आणि पूर्वीच्या पिशवीत परत ठेवली.

"नेऊन घाल, बेटा, जिथली तिथं. त्याच्या अंगावरची काढून आणलीस तू. थंडीत उघडा पडंल तो."