दोनशे बारावं उड्डाण

जुनं लढाऊ विमान आकाशात झेपावलं आणि मैदानात टाळ्या पडल्या. पुढे वैमानिक नव्हता; मागच्या जागेवर वसुधाची मुलगी मुक्ता एकटीच बसली होती.

"ताई, हात मात्र तुमच्या बाबांचाच हं!" अभियंता सप्रे वसुधाला अभिमानाने म्हणाला. "त्यांची नोंदलेली उड्डाणं हे विमान जशीच्या तशी पुन्हा करतं. प्रत्येक प्रदर्शनाला पुढचं."

"आज कितवं?"

"दोनशे बारावं."

वसुधाला बाबांची उड्डाणांची वही आठवली. बाबा उतरल्यावरच वहीत उतरण्याची वेळ लिहीत. दोनशे बाराव्या ओळीत ती जागा कोरी होती.

"सप्रे, थांबवा ते!"

सप्रेचा चेहरा उतरला. "विमान उतरेपर्यंत हात सुटत नाही, ताई."

डावा पंख झुकवून विमान डोंगराकडे वळलं.