वरची केबिन

"हॉट टब आत आहे की बाहेर?" स्क्रीनवरून हेमकाकानं विचारलं, आणि इकडे टेबलाखाली आबांनी बोटाला क्लिप लावली.

एडिसन गावातल्या घरात रविवारची दुपार. लॅपटॉप डायनिंग टेबलाच्या मधोमध, शेजारी चिवड्याचा डबा. अनयाचा बाबा, सुमंत, खुर्चीच्या टोकावर बसून कोलोरॅडोतल्या केबिनचे फोटो सरकवत होता. जुनं चांदीच्या खाणींचं गाव, आता सगळं स्कीवाल्यांचं. दगडी फायरप्लेस, पायाखाली गरम फरशी, दाराबाहेर पाऊल टाकलं की बर्फ. आबांना, अनयाच्या आजोबांना, एक्याऐंशी लागलं होतं. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन या वेळी देवळाच्या हॉलमध्ये नाही, थेट बर्फातल्या चांदण्यात करायचं ठरलं होतं.

अनयानं मान वाकवून क्लिपवरचा आकडा बघितला. एक्याण्णव. रक्तात ऑक्सिजन किती ते सांगणारी ती क्लिप. शहाण्णव-सत्त्याण्णव हवा. घरच्या घरी चिवडा खात बसलेल्या माणसाचा एक्याण्णव.

घरात आबांखेरीज हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. शाळा सोडून ती वर्षभर घरी, म्हणून आबांना गाडीतून डॉक्टरकडे नेणं-आणणं तिच्याच गळ्यात. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत, उंचावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिच्यादेखत बजावलं होतं. आणि ही केबिन नऊ हजार फुटांवर.

सुमंत चार्जर आणायला उठला. तिकडे हेमकाकाही माइक बंद करून काकूला बोलवायला गेला.

"आबा, सांगा ना त्यांना. नाहीतर मी सांगते."

"गप."

"व्हॉट गप? मरायचंय का तुम्हाला?"

आबांनी आयुष्यभर लोकांची मोडलेली हाडं जोडली होती. ते तिच्याकडे बघून हसले. "आजीच्या तेराव्याला भांडले हे दोघं. दोन वर्षं झाली. आज बोलतायत." मध्ये थांबून त्यांनी दम घेतला. "हाड जुळायचं तर दोन्ही तुकडे... आधी एका जागी आणावे लागतात. मग कुणी हलवायचं नाही. तूही नाही."

अनयानं चिवड्यातला शेंगदाणा उचलला आणि परत डब्यात टाकला.

काकू स्क्रीनवर आली ती कॅलेंडर घेऊनच. "अहो भाऊजी, जानेवारीतली पौर्णिमा म्हणजे पौषातली. पौषात कुणी शुभकार्य करतं का?"

"वहिनी, बर्फाला काय कळतंय, पौष की माघ?"

"बर्फाला नसेल कळत, मला कळतं ना."

हेमकाका खो खो हसला. सुमंतही हसला. बाबाचे मागचे दात अनयाला कित्येक दिवसांनी दिसले.

मग माघी पौर्णिमा धरली. त्या वीकेंडला गावातली केबिन गेलेली होती. सुमंत खाली खाली सरकवत गेला. "दादा, एकच आहे. गावात नाही पण, वर डोंगरावर. साडेदहा हजार फूट."

"मग तर भारीच! चंद्र अजून जवळ!"

"आबा नाही येऊ शकत!" अनया ताडकन उठली. "त्यांना तिथे श्वास नाही घेता येणार! तुम्हाला काही दिसतं की नाही?"

सुमंत वळला. "तुला एक गोष्ट आवडली आहे का आजवर? शाळा नको, जॉब नको, आता डोंगर नको. डॉक्टर कोण आहे या घरात? तू की आबा?"

"जाऊ दे रे," हेमकाका म्हणाला. "टीनएजर आहे. असं ओरडून काय होणार?"

"दादा, माझी मुलगी आहे. तू मध्ये पडू नकोस."

"बरोबर. नेहमीसारखं. सगळं तुझंच."

काकूनं कॅलेंडर खाली ठेवलं. हेमकाकाचा हात लॅपटॉपच्या झाकणाकडे आला. सुमंतच्या मानेवरची शीर टरारून फुगली. अनयाला ती शीर चांगली ठाऊक होती. तिनं आबांकडे बघितलं. आबा तिच्याकडे बघत नव्हते.

"थंडीचं म्हणतेय ती," आबा म्हणाले. "दोन स्वेटर घालीन मी. वरचीच घ्या."

हेमकाकाचा हात थांबला.

"नक्की ना बाबा?" सुमंतनं विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं. डॉक्टर तुम्ही आहात."

"तुम्ही दोघं... एका घरात..." आबांचं तोंड उघडं राहिलं. छाती वर आली आणि वरच अडकली. डोळ्यांत पाणी आलं. शब्द काही येईना. टेबलाखाली आकडा उतरत होता. नव्वद. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी.

"अरे, बाबांना भरून आलं," हेमकाका म्हणाला. त्याचाही आवाज ओला झाला. काकूनं पदर नव्हता म्हणून टीशर्टच्या बाहीनं डोळे पुसले.

"बघितलंस?" सुमंत हळूच अनयाला म्हणाला आणि त्यानं बुकिंगचं बटण दाबलं. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

अनया खुर्चीत बसली. दोघं भाऊ एकमेकांना विचारत होते, एक्याऐंशी दिवे लावले तर तिथला स्मोक अलार्म वाजेल का, की ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून बॅटरीचे आणावेत. आबांचा श्वास जागेवर येत होता. टेबलाखाली त्यांनी तिचा हात चाचपला, आपल्या बोटाची क्लिप काढली आणि तिच्या बोटाला लावली.

लाल आकडा जरा लुकलुकला आणि स्थिर झाला. नव्व्याण्णव.