दस्ता कुठं टेकवायचा

“दस्ता खांद्याच्या खोबणीत. गच्च. मधी बोटभर बी फट नगं,” आकाराम हवालदार पोराला सांगत होते आणि चहा घेऊन आलेली राजेश्वरी जागच्या जागी थबकली.

शिवतेज, तिचा धाकटा भाऊ, सोमवारी फौजेच्या ट्रेनिंगला निघणार होता. फौजेतून निवृत्त झालेले त्यांचे वडील, आबा, कडेगावच्या मळ्यात त्याच्याकडून रिकामी रायफल धरून घेत होते. फट राहिली तर रायफल मागं येऊन खांदा फोडते. दस्ता, म्हणजे रायफलीचा मागचा लाकडी भाग, हाडावर टेकला तर हाडच जातं. डावा पाय पुढं, अंगाचा भार पुढं. एकेक गोष्ट आबा मायेनं समजावत होते.

राजेश्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षांपूर्वी याच बांधावर याच माणसानं तिला नेमकं उलटं सांगितलं होतं. मुलींची भरती निघाली होती. पळण्यात ती तालुक्यात पहिली. आबा म्हणाले, आधी एक गोळी झाडून दाखव. दस्ता हाडावर टेकव, सैल धर, पाय जुळवून ताठ उभी राहा. गोळी सुटली आणि ती उताणी पडली. गळपट्टीच्या हाडाला चीर गेली, भरती हुकली. हे बायकांचं काम नव्हे, असं आबा गावभर सांगत सुटले आणि तिनंही ते खरं मानलं. सहा आठवडे आईनं तिला भरवलं, तिची वेणी घातली, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली. आता भरतीचं वयही उलटलं होतं. आणि हा माणूस पलटणीत वर्षानुवर्षं नव्यानं भरती झालेल्या रंगरुटांना रायफल धरायलाच शिकवत होता. चुकून सांगितलं म्हणायचीही सोय नव्हती.

तिनं चहाची किटली बांधावर आदळली.

“आबा, मला आसं का न्हाई सांगितलं?”

आबांनी शिवतेजच्या हातातली रायफल घेतली आणि नळी पुसत राहिले. राजेश्वरीनं तोंडाला येईल ते सुनावलं. दगाबाज म्हणाली, बाप म्हणायची लाज वाटते म्हणाली. शिवतेज मध्ये पडला, त्यालाही झापलं. आबांनी फडकं उलटं करून पुन्हा नळी पुसायला घेतली. त्याचा तिला आणखीच संताप आला.

आवाज ऐकून आई गोठ्यातून धावत आली. हात शेणानं भरलेले.

“त्यास्नी नगं बोलू,” ती म्हणाली. “ते तयारच न्हवते. बावीस वर्सं नवरा धाडला, पोरगा बी जानारच व्हता. एक तरी माझ्यापाशी ऱ्हावं, म्हून मीच त्यांच्या पाया पडले व्हते.”