शर्यतीचा टॉर्क कन्व्हर्टर

“गाडी कशी चालवता ते खरं सांगा, साहेब. जुना टॉर्क कन्व्हर्टर गेलाय; इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवणारा हा भाग त्यावरच निवडायचा असतो,” म्हणत दस्तगीर मिस्त्रीनं वही उघडली.

टिपणीसांची ऑटोमॅटिक गाडी चार वर्षांत बँक, मंडई आणि सासुरवाडीपलीकडे गेली नव्हती. काटा पन्नासाला टेकला की बायको रामरक्षा सुरू करायची. पण गॅरेजात दोन तरणी गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती.

“हायवेला एकशे साठ,” टिपणीस म्हणाले, “आणि दर रविवारी शर्यत. लिहा.”

मिस्त्रीनं लिहिलं. “मग हा शर्यतीचाच घ्या. इंजिन आधी गरजेल, गाडी नंतर झेपावेल. मंडईच्या गर्दीत मात्र रडवेल.”

“मंडईत जातंय कोण?”

आठवड्यानं मंडईच्या बोळात टिपणीसांची गाडी वाघासारख्या डरकाळ्या फोडत गोगलगायीसारखी सरकत होती. भाजीवाल्यांनी कानांवर हात ठेवले. बायको मेथीची जुडी घेऊन उतरली, चालत घरी पोचली, आणि टिपणीस दारात आले तेव्हा भाजी शिजूनही झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते तणतणत गॅरेजात आले. “बाद माल दिलात मला.”

मिस्त्रीनं गाडी हायवेला एक चक्कर मारून आणली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. “काही बिघाड नाही, साहेब. झकास पळते.” मग वही उघडून त्यानं टिपणीसांच्या ओळीवर बोट ठेवलं. “मी या माणसासाठी बसवलाय. त्याला पाठवा की एकदा चालवायला.”