तळघरातली शेवटची फट

तळघराच्या जमिनीतून रेडॉन नावाचा वायू घरात शिरत होता. ना रंग, ना वास, पण फुप्फुसांचं पार वाटोळं करणारा. मिस्त्रीने जमिनीखालची हवा बाहेर ओढून टाकणारा पंखा बसवला, फटी बुजवल्या. कोपऱ्यातली एकच उरली. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास धुरावर. फटीपाशी धुराची कांडी धरली, तसा धूर गुमान आत ओढला गेला. पंखा चोख होता.

"ताई, आता जरा पंखा बंद करा," त्याने वर घरमालकिणीला हाक दिली.

आता धूर सरळ वर जायला हवा होता. तो फटीत शिरला. मग बाहेर आला. पुन्हा शिरला, संथपणे.

"बंद केलात ना?"

"केव्हाच."

नकळत मिस्त्रीने श्वास रोखून धरला. धूरही जागच्या जागी थांबला.

शेवटी त्याला राहवेना, त्याने श्वास सोडला. धूर हलला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. "दादा, झालं ना काम? लेकीची गादी आजपासून इथेच घालते."

धूर फटीच्या तोंडाशी तसाच ताटकळला होता. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं.