काळजी न करणारा डबा

लेकीच्या कबड्डी फायनलची शेवटची दहा मिनिटं उरली आणि टीव्हीने सामना बंद केला. "काका, तुमची नाडी एकशे बारा झालीय. आता बासरी ऐका."

विद्याधर खोपकरांनी कपाटातला जुना स्ट्रीमिंग बॉक्स काढून टीव्हीच्या पाठीत खोचला. सामना पुन्हा दिसू लागला.

"या डब्याला तुमची काळजी नाही, काका."

"म्हणून तर जपून ठेवलाय."

टीव्हीने रुसून रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचर घेऊन आलेले दोघे सामना पाहून दारातच थबकले. ड्युटीवर असताना त्यांच्या गाडीतला पडदा सामना दाखवत नसे.

"उभे काय? त्या स्ट्रेचरवरच बसा," खोपकर म्हणाले.

लेकीने तिघींना फरफटत आणून मध्यरेषेला हात टेकवला. खोलीतल्या तिघांची आरोळी ऐकून टीव्हीने अग्निशमन दलालाही कळवलं.