लोखंडाचा ठिपका

“हा ठिपका कसला?” हिसानोनं विचारलं.

सभा संपली होती. सान्रिकू किनाऱ्यावरच्या त्या खाडीतले मच्छीमार आपापले पेले विसळून सोसायटीच्या सभागृहातून निघून गेले होते. मागे राहिली हिसानो, खुर्च्या आवरणारा तिचा धाकटा दीर कात्सुयोशी आणि समुद्रतळाची मोजणी करणारे संशोधक हानावा. पडद्यावर नकाशा तसाच होता. तळच्या खडकात चुंबकत्व कमी तिथे निळा, जास्त तिथे लाल. निळ्या पट्ट्यात एक लाल ठिपका. तिळाएवढा.

“तो खडक नाही, काकू,” हानावा म्हणाले. “लोखंड आहे. नाव असावी.”

“कुणाची?”

“ते यंत्राला कळत नाही.”

कात्सुयोशीच्या हातातली खुर्ची अर्धवट मिटलेलीच राहिली. “लाटेआधी बाहेर नेलेल्यांतली एकच परतली नाही,” तो म्हणाला. “दादाची.”

मोठा भूकंप झाला त्या मार्चमध्ये, धरणी हलायची थांबताच हिसानोच्या नवऱ्यानं, तोकुजीनं, नाव खोल पाण्याकडे हाकली होती. लाटेच्या आधी नावा बाहेर काढायच्याच असतात. हिसानो अजून रोज त्याचं ताट वाढत होती, प्रवासाला गेलेला सुखरूप परतावा म्हणून वाढतात तसं. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे तिनं ते कधी ठेवलं नव्हतं.

ती पडद्याजवळ गेली. बोट लावलं नाही.

“वर काढता येईल?”

“नाही. फार खोल आहे.”

“बरं. मग राहू दे तिथंच.”

हानावांनी चष्मा काढून पुसला. “नकाशावर नाही राहू देता येणार, काकू. मला तो काढून टाकावा लागेल.”

“एवढ्याशा ठिपक्यानं तुमचं काय अडलंय?”

“खालचा खडक कुठे घट्ट धरून बसतो, कुठे सुटतो, याचा या रंगांवरून काही अंदाज लागतो का, ते आम्ही पाहतोय. खात्री नाही अजून. पण हा राहिला तर तिथला खडक आहे त्याहून वेगळा दिसेल. पुढच्या भूकंपात तळ कुठवर फाटेल, ते गणित चुकेल.”

“म्हणजे पुढचा कधी ते सांगणार तुम्ही?” कात्सुयोशीनं विचारलं.

“नाही.”

“मग आमच्या वहिनीच बऱ्या. गुडघा दुखला की वादळ सांगतात. जहाज नको की यंत्र नको.”

“कात्सु, गप रे.” ती किंचित हसली आणि पुन्हा ठिपक्याकडे बघू लागली. “काढलात, तर तो तिथं नसेल?”

“असेल. फक्त नकाशात नसेल.”

“कुठल्या दिशेला आहे?”

हानावांनी खिडकीतून दाखवलं, नव्या बंधाऱ्याच्या उजव्या टोकापलीकडे.

“आणि मी इतकी वर्षं डावीकडे बघून हात जोडत होते,” ती म्हणाली.

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होऊन निघून गेली.

“पुढेमागे इथली पोरं तुमच्या याच गणितावर डोंगराकडे पळणार ना?”

“जमलं तर, हो.”

“मग काढा.”

हानावांनी ठिपक्याभोवती चौकट आखली. बोट खोडायच्या कळीवर नेलं.

“थांबा,” हिसानो म्हणाली. “कात्सु, इकडे ये. हात आण.”

“वहिनी, एक कळ तर दाबायची. त्याला मी कशाला?”

“दहनानंतर अस्थी एकट्यानं उचलतात का? एकेक हाड दोघांनी दोन बाजूंनी काड्यांत धरून उचलायचं असतं.”

कात्सुयोशीनं हात पँटला पुसले. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. हानावा खुर्चीवरून उठले आणि मान खाली घालून बाजूला झाले.

त्या एवढ्याशा कळीवर दोन बोटं जेमतेम मावली.